उतरणीवरची लूना

आमच्या घरी लूना आली तेव्हा तिची उमेदीची वर्षं परभणीत सरून गेली होती. मूळ मालकाला मोटारसायकल घ्यायची होती म्हणून त्यानं ती विकायला काढली. अण्णांनी इसार दिला आणि सोयाबीनचे पैसे आल्यावर गाडी घरी आणली. नंबर एमएच-22 चा. हिंगोली जिल्हा झाला तो 1 मे 1999 ला. आमचं गाव गोरेगाव आता त्या जिल्ह्यात; तोवर आम्ही परभणी जिल्ह्यातलेच. तेव्हा गावात येणाऱ्या कितीतरी दुचाकी अशाच शहरातून, एखाददुसरा मालक पाहून यायच्या. कोरी गाडी पाहायची तर हिंगोलीच्या दसऱ्याला, प्रदर्शनात.

लूनाचा जन्म 1972 चा, अहमदनगरचा. ह. के. फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनीअरिंगनं इटलीतल्या पियाजिओ कंपनीच्या ‘चाओ’ या मोपेडवरून ती घडवली. पन्नास सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, गिअर नाही, आणि सायकलीसारखं पायडल. त्या काळात बजाजच्या स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. सायकल आणि स्कूटर यांच्यामध्ये फार मोठी रिकामी जागा होती, आणि त्या जागेत शिक्षक, पोस्टमन, दूधवाले, नोकरदार बायका, कॉलेजची पोरं असा अर्धा महाराष्ट्र उभा होता. लूना नेमकी त्यांच्यासाठी आली. तिची सगळी हुशारी मला त्या पायडलात दिसते. जन्मभर सायकल चालवलेल्या माणसाला इंजिनाची भीती वाटू नये, पेट्रोल संपलं तर पाय मारत घर गाठता यावं, ही हमी त्या पायडलानं दिली. नवी वस्तू बाजारात उतरवताना लोकांच्या ओळखीचं काहीतरी तिच्या अंगावर ठेवावं लागतं, हे अहमदनगरच्या त्या कारखान्याला नेमकं कळलं होतं.

पुढे लूना घराघरात पोचली. पियूष पांडे यांनी लिहिलेल्या जाहिरातीनं तिचं नाव देशभर झालं. मग स्पर्धक आले. 1980 मध्ये होसूरहून टीव्हीएस 50 आली, तिच्यावर दोघांना बसता येई. बजाजनं एम-50 आणि नंतर एम-80 आणली. खरा घाव मात्र 1985 च्या हीरो होंडा सीडी 100 नं घातला. चार स्ट्रोकची मोटारसायकल लिटरला ऐंशी किलोमीटर चालते म्हटल्यावर मोपेडकडे कोण वळणार? कायनेटिकचंही लक्ष होंडाबरोबरच्या बटण-स्टार्ट स्कूटरकडे गेलं होतं. 2000 साली प्रदूषणाचे नियम कडक झाले, टू-स्ट्रोक इंजिनांना दिवस वाईट आले, आणि त्याच्या आगेमागे नवी लूना मिळेनाशी झाली.

ही सगळी गोष्ट एका रेषेत मावते हे मला हिंगोलीला बी.कॉम. करताना कळलं. उत्पादनाचं जीवनचक्र शिकवताना सरांनी फळ्यावर एक वक्र काढला: प्रवेश, वाढ, परिपक्वता, ऱ्हास. थिओडोर लेव्हिट या प्राध्यापकानं 1965 मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त लिहिलेल्या लेखामुळे ही कल्पना जगभरच्या कंपन्यांच्या तोंडी झाली. वस्तू नवी असताना ती कशासाठी आहे हे लोकांना समजावण्यावर खर्च करायचा, खप वाढला की दुकानं आणि विक्रेते वाढवायचे, बाजार भरला की किंमत, रंग, नवं मॉडेल यांवर झुंजायचं, आणि उतरण लागली की हात आखडता घ्यायचा की वस्तूला नवं काम द्यायचं ते ठरवायचं. लेव्हिटनं नायलॉनचं उदाहरण दिलं होतं. ते आधी पॅराशूटला आणि दोरांना लागलं, मग बायकांच्या मोज्यांत आलं, मग आणखी कुठे कुठे गेलं. दर नव्या वापरानं रेषा पुन्हा वर चढली.

मी त्या वक्रावर आमची लूना शोधत बसलो, आणि ती मला सापडेना. कारण तो वक्र विक्रीचा होता. कंपनीच्या वहीत आमची गाडी परभणीत विकली गेली त्या दिवशी संपली. तिथून गोरेगावात ती जे जगली त्याची नोंद ना कारखान्यात, ना फळ्यावर. शहरात वस्तू उतरणीला लागते तेव्हा ती खेड्याला परवडायला लागते, आणि आमचा प्रवेश तिथून सुरू होतो. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांनी रेडिओ, टीव्ही, मोबाइल सगळं असंच पाहिलं.

आणि काय काय केलं त्या गाडीनं! हँडल आणि सीट यांच्यामधल्या खाली वाकलेल्या जागेत ज्वारीचं पोतं आडवं बसायचं. अण्णांनी मागं लोखंडी कॅरिअर वेल्डिंग करून घेतलं; त्याला दोन्हीकडं दुधाच्या कॅन अडकवल्या की सकाळची फेरी व्हायची. फवारणीच्या दिवसांत पंप, औषधाचे डबे आणि पाण्याची घागर घेऊन ती शेतातल्या आखाड्यावर जायची. हळदीच्या लागवडीला बेणं तिच्यावर गेलं, नर्सी नामदेवाच्या यात्रेला आई तिच्यावर बसून गेली. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मडगार्डमध्ये इतका गच्च बसे की चाक फिरायचं थांबे. मग काडीनं चिखल काढायचा, प्लग खोलून त्याची काजळी घासायची आणि पुन्हा पायडल मारायचं. गावातल्या मेस्तरीला तिचं कार्बोरेटर अंधारातही उघडता येई. यातलं एकही काम कंपनीच्या जाहिरातीत नव्हतं. लेव्हिट म्हणतो ते नवं काम आमच्याकडे शेतकऱ्यांनी आणि मेस्तऱ्यांनी शोधलं, आणि गाडीचं आयुष्य त्यांनी वाढवलं.

1976 मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’तच नरीमन धल्ला आणि सोनिया युस्पे यांनी जीवनचक्राची कल्पना विसरून जा, असं बजावलं होतं. त्यांचा मुद्दा मला आजही पटतो: वस्तू म्हातारी झाली असं एकदा मनानं घेतलं की कंपनी तिच्यावरचा खर्च थांबवते, आणि त्यामुळेच ती खरोखर मरते. याचा दाखला माझ्यासमोर गावातच उभा आहे. मोपेड हा प्रकार संपला म्हणतात, पण टीव्हीएसची एक्सएल गोरेगावच्या बाजारात आजही पोती घेऊन फिरते. कंपनीनं तिचा सांगाडा दणकट केला, जड ओझ्यासाठी ती विकली, आणि 2015 च्या सुमारास तिला चार स्ट्रोकचं 100 सीसीचं इंजिन दिलं. काळ दोघींना एकच होता. एकीवर पैसे लावत राहिले, दुसरीवर थांबले. म्हणून ऱ्हास म्हणजे वस्तूचं नशीब, असं मी मानत नाही. त्यात माणसांच्या निर्णयाचा वाटा फार मोठा असतो.

फेब्रुवारी 2024 मध्ये कायनेटिक ग्रीननं ई-लूना आणली. ती विजेवर चालते आणि तिच्यावर दीडशे किलोपर्यंत ओझं नेता येतं, म्हणजे आमच्याकडं दूध आणि पोती वाहणाऱ्यांनी जे काम शोधलं तेच आता तिच्या विक्रीचं मुख्य कारण झालं आहे. मला याचा मनापासून आनंद वाटतो. पण या वेळी खेड्याला वक्राच्या शेपटाकडून सुरुवात करायला लावू नये. आमच्याकडं शेतीची वीज पाळीपाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. पाणी द्यायला आखाड्यावर जागणाऱ्या माणसाला तेव्हाच गाडीही चार्ज करता येईल. ई-लूनाचा विषय निघाला की पारावर लोक विचारतात ते वेगळंच: बॅटरी गेली तर तालुक्याला, सेनगावात मिळेल का, तिला केवढे पैसे पडतील, आणि आपल्या मेस्तरीला ती उघडायला कोण शिकवणार?