गॅस्केट का गेले?

चारठाण्यासारख्या गावात व्यापारी कुटुंबाची पिकअप ही दुकानाइतकीच महत्त्वाची असते. सोयाबीन, कापूस, तूर यांच्या हंगामात ती जिंतूर, सेलू, परभणीच्या वाटेवर अखंड धावत असते. त्यामुळे ‘हेड गॅस्केट गेले’ हे ऐकताच मालक विचारतो, ‘किती दिवस लागतील?’ माझ्या मते पहिला प्रश्न निराळा असावा : गॅस्केट का गेले?

इंजिनाचा खालचा भाग ब्लॉक आणि वरचा भाग हेड. या दोहोंमध्ये घट्ट दाबून बसविलेले पातळ आवरण म्हणजे गॅस्केट. सिलिंडरमधील तप्त वायू, इंजिन थंड ठेवणारे पाणी आणि वंगणाचे तेल या तिन्ही गोष्टी ते परस्परांपासून दूर ठेवते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते; हवा मूळ आकारमानाच्या साधारण १६ ते २० व्या हिश्शापर्यंत दाबली जाते आणि त्या उष्णतेनेच इंधन पेटते. एवढा दाब सोसणारी ही वस्तू हातात घेतली तर अगदी किरकोळ वाटते.

माझ्या पुतण्याच्या पिकअपचे इंजिन खोलले तेव्हा मी तेथेच होतो. रेडिएटरमध्ये पाणी टिकत नव्हते, धूर पांढरा येत होता, तेल दुधाळ झाले होते. पुतण्याला गाडी लगेच हवी होती. मिस्त्री म्हणाले, “काका, गॅस्केट आजच बसवतो, पण गाडी का तापली ते पाहिलं नाही, तर ती पुन्हा इथंच येईल.”

रेडिएटर काढला तेव्हा त्याच्या नळ्या क्षारांनी बुजलेल्या दिसल्या. वर्षानुवर्षे कुलंटऐवजी बोअरचे जड पाणी ओतले जात होते. इंजिन अति तापले की ॲल्युमिनियमचे हेड बिडाच्या ब्लॉकपेक्षा अधिक प्रसरण पावते, वाकते आणि गॅस्केटवरील पकड सुटते. मिस्त्रींनी हेडवर सरळ पट्टी ठेवून फट मोजली, हेड फेसिंगला पाठविले, जुन्या गॅस्केटवरील खुणा पाहून त्याच जाडीचे नवे आणविले. बोल्टही नवे घेतले आणि मधून कडेकडे, ठरलेल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने टॉर्क पान्याने आवळले. यात दोन दिवस जास्त गेले.

मग चालकाने हळूच सांगितले, काटा लाल रेषेवर गेलेला त्याने पाहिला होता. पण ‘माल वेळेत पोहोचलाच पाहिजे’ असा मालकाचा हुकूम होता, म्हणून तो थांबला नाही. खरे कारण हेच होते. बँकेत ९० दिवसांची थकबाकी झाली की खाते अनुत्पादक ठरते. जाणता अधिकारी मात्र पहिला हप्ता चुकताच विचारपूस करतो. लाल काटा हा तसाच पहिला हप्ता असतो. तेव्हा थांबले तर तासभर जातो, न थांबल्यास इंजिन जाते आणि भर रस्त्यात चालकाचा जीवही धोक्यात येतो. आपला धर्म ज्याला प्रमाद म्हणतो, तो व्यवहारात बहुधा घाईचे रूप घेऊन येतो. पुतण्याने चालकाला त्याच दिवशी सांगितले, “काटा वर चढला की गाडी बाजूला घे, मला फोन कर. उशिराचं मी पाहीन.”

आणखी एक गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. कुलंटमधील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड, पण विषारी असते. अंगणात सांडलेले कुलंट कुत्री-मांजरे चाटतात आणि तडफडून मरतात. म्हणून काढलेले कुलंट व जुने तेल जमिनीवर वा नालीत न ओतता झाकणाच्या डब्यात वेगवेगळे भरावे. आमच्या मिस्त्रींनी त्यासाठी दोन जुने डबे कायमचे बाजूला ठेवले आहेत.