निजलेल्या यंत्राची शुश्रूषा

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त बंगळुरास गेले आणि त्यांच्या लहान विमानाचें जेट इंजिन माझ्या स्वाधीन झालें. जेमतेम वीतभर लांबीचें हें यंत्र मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेतें. यंदा सारा हिंवाळा तें निजून राहणार. कामठीस हिम पडत नाहीं. परंतु कन्हानकांठच्या पहांटेच्या दंवानें लोखंड गंजतें, हें येथील गृहिणीही जाणतात.

या यंत्राच्या बेअरिंगांस निराळें वंगण नसतें; रॉकेलांत शेंकडा ५ च्या सुमारास मिसळलेलें तेलच त्यांस पोंचतें. म्हणून प्रथम टाकी व नळ्या रित्या कराव्या, कारण उरलेल्या इंधनांतील पाणी बेअरिंगास खातें. दोन्हीं तोंडें झांकावीं. नाहीं तर कुंभारमाशी आंत घर बांधते. लिथियमची बॅटरी काढून, पूर्ण भरलेली वा रिती न ठेवतां, दर घटास ३.८ व्होल्टच्या आसपास राखावी.

जुन्या पोथीच्या शेवटीं लेखनिक तेल व पाणी या दोहोंपासून रक्षण मागे. येथें पाणी शत्रु खरें, पण तेल हाच प्राण.

एक गंजलेलें बेअरिंग त्या वेगांत सर्व यंत्राचा नाश करूं शकतें. परगांवीं मिळवत्या झालेल्या मुलासाठीं बापास करण्यासारखें फारसें उरत नाहीं. हें एक काम उरलें आहे. वर्षप्रतिपदेस ते येईपर्यंत तें मी यथाशास्त्र करणार.