दोनच तळी उघडी

ठाणे

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. मालवणला किल्ल्याच्या मागे स्नॉर्केलिंगला येणारं गिऱ्हाईक एका होडीत मावेनासं झालंय, दादा दुसरी होडी घ्यायचं म्हणतोय, आणि 'तू फिलिपिन्सला जाऊन आलीस, तिथली माणसं हा धंदा कसा करतात ते नीट लिहून कळव' असा तुमचा हुकूम आहे. फोनवर सांगितलं असतं, पण फोन लावला की मागून मामी मासळीचे भाव सांगायला लागतात आणि मूळ विषय बुडतो. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी जागा डोळ्यांपुढे आणा. पालावान प्रांताच्या उत्तर टोकाला बुसुआंगा नावाचं मोठं बेट आहे. त्याच्या काठावर कोरॉन गाव. गावासमोर, समुद्रातून सरळ उभं राहिलेलं, काळ्या-करड्या चुनखडकाचं दुसरं बेट दिसतं. त्याचंही नाव कोरॉनच. मुक्काम गावात करायचा आणि दिवसभर त्या बेटाच्या कडेकडेने फिरायचं. सकाळी धक्क्यावर जमायचं, उन्हं उतरली की परत.

तुम्हाला पहिली उत्सुकता होडीची असणार. तिला बांका म्हणतात. अंग निमुळतं, प्लायवूडचं, आणि दोन्ही बाजूंना जाडजूड बांबूंच्या उलांड्या. आपल्या जुन्या होड्यांना उलांडी एकाच अंगाला असायची. यांच्या दोन्हीकडे असतात, त्यामुळे सगळी माणसं फोटोसाठी एका काठाला धावली तरी होडी ढिम्म हलत नाही. खलाशी त्या ओल्या बांबूवरून अनवाणी चालत जातात, एका हातात दोर आणि दुसऱ्या हातात सिगरेट. आमच्या होडीला ट्रकचं जुनं डिझेल इंजिन होतं. त्याच्या धडधडाटात गाईडचं निम्मं भाषण वाहून गेलं. मागच्या बाजूला कोळशाची शेगडी, बर्फाची पेटी आणि जेवण रांधणारा एक अबोल गृहस्थ.

निघण्याआधी प्रत्येकाचं नाव, वय आणि देश एका कागदावर लिहून घेतात आणि तो कागद तटरक्षक दलाकडे जातो. वादळाची सूचना असली तर एकही होडी सुटत नाही. ताटकळलेली माणसं कुरकुरतात, पण तिथे ही गोष्ट कोणी हसण्यावारी नेत नाही. २०१३ च्या नोव्हेंबरात हैयान नावाचं महाभयंकर टायफून फिलिपिन्स चिरत गेलं, त्याचा शेवटचा तडाखा याच बुसुआंगाला बसला होता. आपल्याकडे गिऱ्हाईक मोजतात ते पैशांसाठी. परतताना डोकी कोण मोजतं?

पहिला थांबा कायांगान तळ्याचा. होडी एका निळ्या खाडीत लागते, तिथून पायऱ्यांचा चांगला दम काढणारा चढ. वर पोचल्यावर जो देखावा दिसतो तोच तुम्ही कॅलेंडरवर पाहिलेला: कड्यांच्या मधोमध हिरवंनिळं पाणी आणि खेळण्यातल्यासारख्या होड्या. जगभर हा फोटो 'कायांगान तळं' म्हणून फिरतो, आणि त्यात तळं कुठेच नसतं! ती होड्या लागतात ती खाडी आहे. तळं डोंगराच्या पलीकडे, उतरून गेल्यावर. फोटोसाठी वर ही रांग. आमच्यातल्या दोघांना फोटो मिळाल्यावर तळ्याचं फारसं काही राहिलं नव्हतं.

तळ्याचं पाणी मचूळ, काचेसारखं. लाईफ जॅकेट सक्तीचं. तरण तलावात रोज हजार मीटर मारणाऱ्या बाईला पांगुळगाड्यात बसवल्यासारखं वाटतं, पण नियम सगळ्यांना एकच. मास्क लावून खाली पाहिलं तर कडे जसे वर गेलेत तसेच खालीही गेलेत: सुऱ्यांसारखी टोकं, कपारी, आणि मग नुसता निळा अंधार. पृष्ठभागाच्या लगत लांब चोचीचे बारीक मासे, एकाच दिशेला तोंड करून स्थिर. हात लांब केला की तेवढंच अंतर राखून सरकायचे. पावसाच्या पाण्याने चुनखडक विरघळतो, पोकळ्या पडतात, छपरं कोसळतात, आणि भेगांतून आत आलेला समुद्र वरून पडलेल्या पावसात मिसळतो. त्या बेटावर अशी तळी बरीच आहेत.

पण पर्यटकाला पोहायला मिळतं ते दोनच तळ्यांत. मामा, मला सांगायचंय ते हेच.

बेट तागबानुआ लोकांचं आहे. समुद्रावर आणि जंगलावर जगणारा हा आदिवासी समाज. त्यांच्या समजुतीनुसार बाकीच्या तळ्यांत आणि समुद्रातल्या काही जागांत प्रचंड मोठ्या ऑक्टोपसाचा वास असतो. तिथे पोहायचं नाही, मासे धरायचे नाहीत. काबुगाव नावाचं बेटावरचं सगळ्यांत मोठं तळंही असंच बंद. तुम्हाला हे वेगळं समजावून सांगायला नको. देवचाराची वाट आणि देवराईतलं लाकूड याबद्दल तुमचं घर आजही जे पाळतं, तेच हे. आमच्या गाईडने बंद तळ्याच्या दिशेला नुसती मान वळवून दाखवलं, बोट केलं नाही. हा पोरगा स्वतः तागबानुआ नव्हता, गावातला होता.

नुसत्या श्रद्धेवर मात्र ते बेट वाचलं नसतं. बाहेरच्या होड्या येऊन सुरुंग आणि सायनाइड वापरून मासेमारी करायला लागल्या, तेव्हा या लोकांनी १९८५ साली संघटना बांधली. आधी जंगल सांभाळायचा करार मिळवला, मग नकाशे काढून सरकारपुढे ठेवले आणि म्हणाले की आमचं घर जमिनीवर संपत नाही, समुद्रातही आहे. १९९७ साली तिथे आदिवासींच्या हक्कांचा कायदा झाला. १९९८ साली जमीन आणि समुद्र मिळून २२ हजार हेक्टरांहून जास्त क्षेत्रावरचा त्यांचा वडिलोपार्जित दावा सरकारने मान्य केला आणि पुढे त्याची सनदही झाली. पाण्यासकट असा हक्क मिळवणारे त्या देशातले ते पहिले. म्हणून कायांगानच्या पायथ्याशी जो प्रवेशाचा पैसा घेतला जातो, तो त्यांच्याकडे जातो.

त्यांचं आणखी एक उत्पन्न ऐकून तुम्हाला वेंगुर्ला आठवेल. कड्यांतल्या गुहांत पाकोळ्या स्वतःच्या लाळेची घरटी करतात. चिनी लोक त्यांचं सूप करतात आणि त्यासाठी पाण्यासारखा पैसा ओततात. कोणती गुहा कोणत्या घराण्याची हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. निवतीसमोरच्या वेंगुर्ला रॉक्सवरही याच जातकुळीच्या पाकोळ्या आहेत आणि तिथली घरटी चोरून परदेशी जात होती हे तुम्हीच मला सांगितलं होतं. आपल्याकडे तो गुन्हा, त्यांच्याकडे वारसा. गुहेला मालक असला की पुढच्या वर्षीचा पक्षी राखायची काळजी त्यालाच असते.

दुसरं उघडं तळं बाराकुडा. तिथे धारदार खडकांवरून लाकडी जिने चढून जायचं. हे खरं पाणबुड्यांचं तळं. वर गोडसर पाणी, खाली खारं, आणि साधारण १४ मीटरच्या खाली पाणी एकाएकी गरम होत ३८ अंशांपर्यंत जातं. आम्हा वरवर तरंगणाऱ्यांना त्यातलं काही कळत नाही. तरी जुळी लगून नावाच्या थांब्यावर त्याची चव मिळते. तिथे आतल्या आणि बाहेरच्या पाण्यामध्ये एक कातळाची भिंत आहे. सुकतीला भिंतीच्या तळाशी फट उघडते, डोकं सांभाळत पोहून आत जायचं; भरतीला फट बुडते, मग शिडीने वरून. आत पोहताना पोट गार पाण्यात आणि पाठ कोमट पाण्यात असा प्रकार होतो. गोडं आणि खारं जिथे मिसळतं तिथे मास्कमधून सगळं तेलकट, हललेलं दिसतं. मी तीनदा मास्क पुसला, मग कळलं की पाणीच तसं आहे.

जेवण एका छोट्या पुळणीवर झालं. अख्खा मासा निखाऱ्यावर भाजून मीठ आणि कालामान्सी नावाचं चिमुकलं लिंबू. मसाल्याचं नाव नाही. मामी नाक मुरडतील, मला आवडला. डुकराचं मांस, भात, आंबे, आणि द्राक्षाच्या घोसासारखं दिसणारं समुद्री शेवाळ, ते चावलं की तोंडात खारट फुटतं. किनाऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. पांढरे, सुंदर, आणि दुपारी एकला प्रत्येकावर दहा होड्या.

स्नॉर्केलिंगला नेलं सिएते पेकादोस नावाच्या सात टेकाडांपाशी. ही जागा राखीव आहे. आणि इथे मी पाहिलं ते तुम्ही लक्ष देऊन वाचा. आमच्या होडीने नांगर टाकला नाही. पाण्यात बोया तरंगत होता, खलाशाने आकड्याने त्याचा दोर उचलला आणि होडी बांधली. तळातल्या प्रवाळाला धक्का नाही. पाण्यात उतरल्यावर गाईडने पहिली सूचना दिली ती उभं न राहण्याची. दमलात तर पाठीवर पडा, पाय खाली सोडायचे नाहीत.

खाली एक हिरवानिळा पोपटमासा प्रवाळ खात होता. त्याच्या चोचीचा कुरकुर आवाज पाण्यात अगदी स्वच्छ ऐकू येत होता. दगड चावायचा, त्यातलं जगण्यापुरतं घ्यायचं आणि उरलेला चुरा मागून सोडून द्यायचा. माझ्या डोळ्यांदेखत त्याने पांढऱ्या वाळूची फक्की सोडली. ज्या पांढऱ्या पुळणींसाठी माणसं विमानं बदलून येतात, तिथली बरीचशी वाळू अशा माशांच्या पोटातून आलेली असते. प्रवाळ मेलं, मासा गेला, की काही वर्षांनी पुळणीचंही काही खरं नाही.

बुडालेल्या जहाजांपैकी मला एक लहानसंच पाहता आलं, तेही वरूनच. मोठी जहाजं पाणबुड्यांसाठी. २४ सप्टेंबर १९४४ रोजी अमेरिकी विमानांनी इथे दडलेला जपानी ताफा बुडवला. इराको हे अन्नसाठ्याचं जहाज, आकित्सुशिमा हे समुद्री विमानांचं जहाज, ओकिकावा मारू हा टँकर अजून तळाशी आहेत. आज त्यांच्यावर प्रवाळ वाढलंय आणि गावातले डाइव्हवाले त्यावर पोट भरतात.

सगळं तिथे चांगलंच आहे असं समजू नका. सहलीच्या एका दिवसात सहा-सात थांबे कोंबलेले. प्रत्येक ठिकाणी पाऊण तास, शिट्टी वाजली की पाण्याबाहेर. सगळ्या होड्या एकाच क्रमाने निघतात, म्हणून सगळीकडे एकाच वेळी गर्दी. गाईडचा अर्धा वेळ लोकांचे पाण्याखालचे फोटो काढण्यात जातो. पैशाचा मोठा वाटाही गावातल्या हॉटेलवाल्यांचा आणि सहलवाल्यांचा. बेटाच्या मालकांच्या हाती प्रवेशाचे पैसे येतात. आणि धरबंध सुटला तर काय होतं हेही त्याच देशाने पाहिलंय. बोराकाय बेटावर सांडपाणी सरळ समुद्रात जायला लागलं, तेव्हा २०१८ साली सरकारने एप्रिल ते ऑक्टोबर असं सहा महिने ते बेट पर्यटकांना पुरतं बंद केलं. सहा महिने होड्या वर काढून बसायचं, तेही पाऊस सोडून! आपले किती जण तग धरतील?

तुम्हाला अभयारण्य शब्द ऐकला की राग येतो हे मला माहीत आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं ते कागदावर, वरून, आणि तुमच्या पिढीला त्यात फक्त मासेमारी बंद होण्याची भीती दिसली. ती भीती खोटी होती असं मी म्हणत नाही. पण तागबानुआंनी तळी बंद ठेवली ती कोणाच्या फतव्याने नाही, स्वतःहून. म्हणून ती बंद राहिली आणि उघड्या दोघांची किंमत वाढली. किल्ल्यामागच्या खडपांवर मी गेल्या दिवाळीत उतरले होते, तेव्हा एका जागी चार होड्यांचे चार नांगर प्रवाळात रुतलेले होते आणि माणसं त्यावर उभी राहून फोटो काढत होती. त्यातला एक नांगर आपला होता, मामा.

तेव्हा माझं मत सरळ सांगते. दादाने दुसरी होडी घ्यावी, पण बोया आधी. वाळूत काँक्रीटचा ठोकळा, त्याला साखळी, वर बोया. एका जागेला चार बोये, म्हणजे एका वेळी चारच होड्या, बाकीच्यांनी थांबायचं. आणि एखादं खडप सगळ्यांनी मिळून सरळ सोडून द्यायचं, कोणीच जायचं नाही. परवानगीसाठी बंदर खात्याकडे आणि वनखात्याकडे खेटे घालावे लागतील, त्यात वर्ष जाईल. पण अर्ज एकट्या दादाचा गेला तर पडून राहील, सगळ्या होडीवाल्यांच्या सह्यांचा गेला तर नाही.

नारळीपौर्णिमेला सगळे धक्क्यावर जमतात, नारळ सोडून झाला की विषय तुम्हीच काढा. तुमच्या शब्दाला मान आहे. पहिल्या ठोकळ्याचे आणि साखळीचे पैसे मी देते. मामींना नमस्कार, आणि उत्तर लवकर पाठवा.

तुमची भाची