हजेरीपटाएवढी यादी

आमच्या गुरुजींची बक्षिसांची यादी हजेरीपटाएवढी असायची. झेंडावंदन झालं की ते टेबलामागं उभे राहत आणि वर्गातल्या प्रत्येकाचं नाव घेत. पहिल्या-दुसऱ्या नंबरांचं आधी, मग उरलेल्या सगळ्यांचं, आणि प्रत्येक नावामागचं कारणही सांगत. कुणाचं अक्षर सुधारलेलं, कुणाला अखेर तेराचा पाढा पाठ झालेला, कुणी धाकट्या भावाला कडेवर घेऊन वर्षभर शाळेत आलेली. बक्षीस म्हणजे शंभर पानी वही, नाहीतर शिसपेन्सिल. तरी रोजगाराला जाणाऱ्या आयाबाया त्या दिवशी खाडा करून यायच्या. आपल्या लेकराचं नाव येणार याची त्यांना खात्री असायची.

गेल्या पावसाळ्यात गुरुजी गेले. तेव्हापासून पट्टीवर माझ्या डाव्या हाताला बसणारी माझी मैत्रीण फार आठवते.

तिला वाचन जमत नव्हतं. जोडाक्षर आलं की ती तिथंच थांबायची. पण ती शेळ्यांमागं हिंडून वाढलेली. सावली बघून वेळ सांगायची. शाळेतलं भिंतीवरचं घड्याळ कधीचं बंद पडलेलं. ती खिडकीतून झेंड्याच्या खांबाची सावली बघायची आणि म्हणायची, "गुरुजी, सुट्टीची वेळ झाली बघा." गुरुजी मनगटावरच्या घड्याळात बघत. वेळ बरोबर असायची. त्यांनी घंटेचं काम तिलाच देऊन टाकलं. कडुनिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा आणि एक लोखंडी दांडा, ही आमची घंटा.

एकदा त्यांनी तिला विचारलं, "सावली तर ऋतूप्रमाणं लांबते, आखडते. मग तुला कळतं कसं?" तिला सांगता येईना. मग गुरुजींनी सगळ्या वर्गाला बाहेर काढलं. दर महिन्याला एकदा, बरोबर त्याच वेळी, सावलीच्या टोकाशी चुन्याची खूण करायची. जूनमध्ये खांबाच्या पायाशी गोळा होणारी सावली डिसेंबरात उत्तरेकडं लांब पसरलेली आम्ही डोळ्यांनी पाहिली. उत्तरायण-दक्षिणायन आम्हाला असं कळलं, आणि वर्गात सगळ्यांत मागं पडलेल्या पोरीमुळं कळलं. 15 ऑगस्ट 1993 ला तिचं नाव आलं. वहीच्या पहिल्या पानावर गुरुजींनी निळ्या शाईनं लिहिलं होतं, 'शाळेची वेळ सांभाळली म्हणून.' ते तिनं माझ्याकडून वाचून घेतलं, आणि घरी जाईपर्यंत दोनदा परत वाचायला लावलं.

सास्तूरच्या बाजूला आमचं गाव. 29 सप्टेंबरला गणपती विसर्जन झालं, माणसं उशिरा झोपली. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. आमची घरं दगडमातीच्या जाड भिंतींची, वर मातीचा थर चढवलेली माळवदं. उन्हाळ्यात हीच घरं गार राहायची म्हणून आम्हाला त्यांचं कौतुक. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं त्या मातीखाली गेली. तीही गेली.

शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरू लागली. 26 जानेवारी 1994 ला गुरुजींनी पुन्हा यादी केली. वह्या मदतीच्या ट्रकमधून आलेल्या होत्या. माझ्या वहीवर होतं, 'जखमींना पाणी दिले म्हणून.' जे उरले नव्हते, त्यांचीही नावं त्यांनी घेतली, कारणासकट. त्या वह्या त्यांनी स्वतः त्यांच्या घरच्यांकडं, म्हणजे शेडोशेड, नेऊन दिल्या. मैत्रिणीच्या वडिलांनी वही घेतली आणि कपाळाला लावली.

भूकंपग्रस्त भागातली सुमारे 1200 मुलं भारतीय जैन संघटनेनं शिक्षणासाठी पुण्याला नेली. आमची गावं नव्या जागी उठून गेली. वर्ग असा पांगला तरी गुरुजी भेटेल त्याला विचारत, अमकी काय करते, तमका कुठं असतो.

2020 साली आपल्या धाराशिवच्या सारिका काळे यांना खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. 2016 च्या गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलेल्या भारतीय महिला संघाच्या त्या कर्णधार. मी गुरुजींना फोन केला. फार आनंदले. म्हणाले, "पोरी, खो-खोत एकजण धावतो, आठजण बसलेले असतात. पाठीवर खो पडल्याशिवाय बसलेल्याला उठता येत नाही. पोरगं बसून राहिलं तर मी आधी विचारतो, त्याला खो कुणी दिला का?"

निकाल लागले की गावोगाव फलक झळकतात. शिष्यवृत्ती, नवोदय, दहावीचे टक्के. झळकावेत; कोरडवाहू जिल्ह्यातल्या, कोयत्यामागं आईबाप गेलेल्या मुलांनी मिळवलेलं ते यश आहे आणि त्याचं कौतुक भरभरून व्हायला हवं. पण ज्या शाळेच्या कार्यक्रमात एखादं मूल पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त टाळ्या वाजवत बसतं, तो कार्यक्रम मला अपुरा वाटतो.

बाईंनो, सरांनो, यंदाच्या स्नेहसंमेलनाची यादी करताना शेजारी हजेरीपट उघडून ठेवा. दोन्हीकडची नावं जुळवा. जे राहिलं असेल त्या मुलाकडं आठवडाभर नीट बघा, आणि कारण सापडलं की तेही यादीत लिहा.