नमणारी जागा

उन्हाळ्याच्या सुट्टीत दौंडहून शिरूरला आलेल्या नातवाच्या पिशवीत कपडे थोडे आणि सामान फार होते. रिमोटवर चालणारी हातभर लांबीची मॉडेल गाडी, चिमुकले पाने, आणि दिवाळीत मिळालेल्या पैशांतून मागवलेले ॲल्युमिनियमचे सुटे भाग. गाडीच्या स्टिअरिंगचे मूळ प्लॅस्टिकचे जोड झिजून सैल झाले होते. चाके डुगडुगत आणि गाडी एका बाजूला ओढली जाई.

दुपारी दादाजींच्या हार्डवेअरच्या दुकानात वर्दळ कमी असे. गल्ल्याशेजारी वर्तमानपत्र अंथरून नातवाने काम मांडले. झिजलेल्या बुशांच्या जागी बेअरिंग बसली. प्लॅस्टिकच्या दांड्यांऐवजी धातूचे टर्नबकल आले. त्याच्या एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे. त्यामुळे दांडी न काढता नुसती फिरवली तरी लांबी कमी-जास्त होते आणि चाके सरळ रेषेत आणता येतात.

वळताना आतले चाक अधिक वळते, हे दादाजींनी टिपले.

“आतल्या चाकाचे वर्तुळ लहान ना, दादाजी!”

ही युक्ती घोडागाडीच्या काळातली. म्युनिकच्या लँकेन्स्पेर्गर या कारागिराची; परंतु १८१८ साली इंग्लंडमध्ये पेटंट घेतले ते रुडॉल्फ आकरमान यांनी, आणि नाव त्यांचेच राहिले.

चाके वळवणाऱ्या सर्व्हो मोटरवर स्प्रिंगचा एक लवचीक जोड होता. नातवाला तो ढिला वाटला. त्याने तो काढून भरीव धातूचा जोड लावला. संध्याकाळी गाडी बाणासारखी सरळ धावली आणि दुकानाच्या दगडी पायरीवर आदळली. चाक शाबूत, दांडी शाबूत; सर्व्होच्या आतल्या चक्राचे दाते मात्र उडाले.

दादाजींनी खणातून एक बोल्ट काढून त्याच्या तळहातावर ठेवला.

“हा रोटाव्हेटरचा. शेतात दगड लागला की हा तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. सारखा तुटतो म्हणून एकाने हट्टाने कडक बोल्ट नेला. बोल्ट राहिला, गिअरबॉक्स गेला.”

“मग मजबूत काही करायचेच नाही?”

“करायचे, बेटा. पण एक जागा नमणारी ठेवायची.”

एवढे बोलून ते थांबले. तीन वर्षांपूर्वी याच गल्ल्यावर उधारीच्या वहीवरून मुलाशी शब्दाला शब्द लागला होता. उधारी बंद करावी, हा मुलाचा आग्रह. पिढ्यांची गिऱ्हाइके तोडणार नाही, हा त्यांचा. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते, आणि दोघेही तसूभर हलले नाहीत. मुलाने दौंडला वेगळे दुकान थाटले. उद्घाटनाची पत्रिका आली. दादाजी गेले नाहीत. तेव्हापासून ये-जा होती ती नातवाचीच.

आठवड्याने नवा सर्व्हो आला. स्प्रिंगचा जोड पुन्हा बसवताना नातवाने त्याचा नट बेताने आवळला. फार ढिला नाही, फार ताठ नाही.

सुट्टी संपली. एरवी दादाजी नातवाला एसटीत बसवून परतत. या वेळी शेजारी बसून त्यांनी दोन तिकिटे मागितली. न्हावरे मागे पडल्यावर नातवाने हळूच विचारले, “पप्पांना फोन करू?”

“नको. गिऱ्हाईक असेल दुकानात.” मग खिडकीबाहेर पाहत ते म्हणाले, “तो मोकळा होईपर्यंत आपण बाकावर बसू.”