पाच बटणं आणि एक ग्राउंड

कीबोर्ड उघडून पाहिलाय कधी? १०४ कळांना १०४ वायरी नसतात, आडव्या-उभ्या रेघांची जाळी असते. डायोड नसतील तर चौकोनाचे ३ कोपरे एकदम दाबले की चौथी कळ भुतासारखी उमटते! आय-पॅकसारख्या एन्कोडर बोर्डावर ही भानगड नाही. दर स्विचला वेगळं इनपुट, ग्राउंड मात्र सगळ्यांत मिळून एकच. मायक्रोस्विचच्या 'कॉमन'ला ग्राउंड, 'नॉर्मली ओपन'ला इनपुट. 'क्लोज्ड'ला जोडलंत तर कळ न दाबताच दाबलेली! कॉम्प्युटरला वाटतं कीबोर्डच आलाय, ड्रायव्हर-बिव्हर लागत नाही.

लोक यावर जुने गेम खेळतात. मी ५ मोठी बटणं लावली, बाबांसाठी. अर्धांगवायूनंतर त्यांना बारीक कळा जमत नाहीत. आता पेपरचं पुढचं पान ते स्वतःच उलटतात, आईला हाक मारत नाहीत.