वाळूतला ठसा

साबी सँड, दक्षिण आफ्रिका. पहाटेचे साडेपाच.

जीपच्या नाकावरच्या खुर्चीत बसलेल्या ट्रॅकरने हात वर केला. गाडी थांबली. तो उतरला, वाकला, मग आमच्याकडे वळून दोन बोटं दाखवली. दोन नर सिंह. ठशाच्या कडा अजून ढासळल्या नव्हत्या, म्हणजे रात्रीचेच.

रात्री मी जागाच होतो. सिंहाची गर्जना आठेक किलोमीटरवर ऐकू जाते, हे वाचलं होतं. ती छातीत उतरते, हे नव्हतं वाचलं.

याच रानात २००६च्या सुमारास मापोगो नावाची सहा नरांची टोळी आली. २०१०मध्ये ‘माजिंगिलाने’ नावाची दुसरी टोळी आली, पाच नरांची. २०१२पर्यंत मापोगोंचं राज्य संपलं. नवे नर आले की आधीच्यांचे छावे बहुधा मारले जातात. आपला वंश वाढवायला नराच्या हाती वेळ थोडा असतो. सत्ता बहुतेकदा दोन-चार वर्षांचीच. माद्या मात्र तिथेच राहतात. आया, मावश्या, मुली.

निवृत्त होऊन मला तीन महिने झाले. माझ्या खुर्चीत आता कोण बसतं, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही. का, ते नीट सांगता येत नाही.

मीही खाली उतरलो. त्या भल्यामोठ्या ठशाच्या मधोमध तितराची पावलं उमटली होती. तीन-तीन बोटांची, घाई नसलेली. बराच वेळ तेच पाहत राहिलो.

सिंह दिसले नाहीत. दुपारी वारा सुटला. संध्याकाळी त्याच वाटेने गेलो, तेव्हा वाळू सपाट होती.